वाचलो. पुढे?

१७ जुलै २०२४ला, बुधवारी, आषाढी एकादशी होती. नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेलं हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वाट चुकलं. आत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार, आणि तेव्हाचे उद्योगमंत्री उदय सामंत. अहेरी तालुक्यात वडलापेठला सुरजागड इस्पातच्या पोलाद प्रकल्पाचं भूमिपूजन होतं. वैमानिकानं सगळ्यांना सुखरूप खाली आणलं. मग अजितदादांनी भाषणात प्रसंग सांगितला. चहूकडे ढग, बाहेर काही दिसेना, तोंडी पांडुरंगाचं नाव, आणि शेजारी फडणवीस निवांत. माझे आजवर सहा अपघात झालेत, मला काही झालं नाही, काळजी करू नका, असा त्यांचा दिलासा. लोक हसले. वर्तमानपत्रांनी किस्सा म्हणून छापला.

मला तो किस्सा वाटला नाही. मला ती तक्रार वाटली, आणि फार मोलाची. राज्याचा उपमुख्यमंत्री माइकवर सांगतोय की आम्ही ढगात होतो, खालची जमीन दिसत नव्हती आणि मी घाबरलो होतो. हवाई सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला असं एक वाक्य मिळालं, तर तो त्यावर महिनाभर काम करील. माणूस मेला नाही, यंत्र मोडलं नाही आणि धोका मात्र समोर येऊन उभा राहिला. इतका स्वस्त धडा दुसरा नाही. तो हशात घालवू नका.

ढगात नेमकं काय होतं? डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल फसवायला लागतो. यंत्र कलतंय आणि शरीर म्हणतं, सरळ चाललंय. इलिनॉय विद्यापीठानं १९५४ साली २० शिकाऊ वैमानिकांना खऱ्या विमानात, पण बाहेरचं काही दिसू न देता, उडवून पाहिलं. काट्यांवर विसंबून उडण्याचं शिक्षण त्यांना नव्हतं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी किती वेळात? १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. आपल्या मंत्र्यांना नेणारे वैमानिक कसलेले असतात, काटे वाचण्यात तयार असतात, म्हणून ते परत येतात. पण आल्लापल्लीच्या सागवानावर आणि सुरजागडच्या डोंगरांवर पावसाळ्यात ढग किती खाली उतरतात, हे इथल्या गुराख्यालाही ठाऊक आहे. मांडवाशेजारच्या हेलिपॅडवर उतरायचं ते शेवटी डोळ्यांनीच. तिथे नागपूर विमानतळासारखी खाली उतरवणारी यंत्रणा नसते.

आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी २ सप्टेंबर २००९ला असेच निघाले होते. पाऊस होता, ढग होते, चित्तूर जिल्ह्यात कार्यक्रम ठरलेला होता. नल्लामलाच्या जंगलात हेलिकॉप्टर कोसळलं. आतल्या पाचांपैकी एकही वाचला नाही, आणि ते सापडायलाच दुसरा दिवस उजाडला. ते जंगल आणि हे जंगल यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

विमान कंपन्यांना आता सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली उभारावीच लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २०१३ साली त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट काढलं, एकोणिसावं. नाव जड आहे, पण मागणी सोपी आहे. कंपनीतल्या एका माणसाचं नाव लिहून ठेवा, ज्याच्या हातात पैसा आहे आणि ज्याच्या डोक्यावर जबाबदारी आहे. धोका अपघात होण्याआधी शोधा, मोजा, कमी करा. केलेला उपाय चालतो का, ते पुन्हा तपासा. आणि माणसांना शिकवत राहा. या सगळ्याचा पाया एकच आहे: लोडरपासून कॅप्टनपर्यंत कुणीही न घाबरता सांगू शकलं पाहिजे की आज माझ्याकडून हे चुकलं, आज हे थोडक्यात टळलं. सांगणाऱ्याला झापलं, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी सांगत नाही. मग कागद स्वच्छ राहतात आणि धोका जागच्या जागी राहतो.

मंगळूर आठवा. २२ मे २०१०, एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान, १५८ माणसं गेली, ८ वाचली. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, आपलेच मराठी. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं होतं की उतरू नका, पुन्हा वर चला. तीनदा! कॅप्टननं ऐकलं नाही. बोलायचं धैर्य त्या सहवैमानिकाकडे होतं. त्याचं बोलणं ऐकलंच जाईल, अशी सवय कंपनीनं लावलेली नव्हती.

आणि कोझिकोड तर आम्हा वैदर्भीयांच्या काळजाजवळचं. ७ ऑगस्ट २०२०. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलात नाव काढलेला माणूस, आईवडील नागपुरात. पाऊस, पाठीवरून येणारा वारा, काचेचा वायपर ऐन वेळी बंद. विमान धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत पडलं, २१ जण गेले. अहवालानं कॅप्टनची चूक लिहिली, ती लिहायलाच हवी होती. पण मी तो अहवाल दुसऱ्याच एका पानासाठी लक्षात ठेवला आहे. कोझिकोडच्या तळावर त्या वेळी २६ सहवैमानिकांमागे नेमणुकीवर कॅप्टन एकच होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठेंच्याच नावावर लावलेलं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं, तर विश्रांतीच्या नियमामुळे ते सकाळचं उड्डाण अडलं असतं. म्हणजे पावसातल्या त्या कॉकपिटमध्ये ड्युटीचा तक्ताही बसलेला होता. तो कुणीतरी दिवसाउजेडी, कोरड्या खोलीत, टेबलावर तयार केला होता. धोका तिथे शोधायचा असतो.

वडलापेठला तक्त्याच्या जागी काय होतं? मांडव होता. सकाळपासून बसवलेली गर्दी होती. दोन उपमुख्यमंत्री होते. अशा वेळी परत फिरायचा निर्णय वैमानिकानं घेतला, तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे उड्डाणाआधी कागदावर हवं. ढग अमुक उंचीच्या खाली असतील तर निघायचं नाही, हे वैमानिकाच्या मनात असून भागत नाही. ते मंत्र्यांच्या खासगी सचिवाला आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठ असलं पाहिजे. सभा रद्द झाली तर झाली.

हेलिकॉप्टर बाजूला ठेवून निभावलेलंही आहे, आणि गडचिरोलीतच. मे २०१७मध्ये मुख्यमंत्री असताना फडणवीस इथे आले होते, हेलिकॉप्टरमध्ये बिघाड निघाला आणि ते मोटारीनं नागपूरला गेले. चार-पाच तासांचा रस्ता, पण पोचले. त्याच महिन्यात, २५ मेला, लातूर जिल्ह्यात निलंग्याला त्यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून कोसळलं. तेव्हाही सगळे वाचले. सहा अपघातांतून वाचणं हे मी त्यांचं भाग्य मानतो आणि त्यांना दीर्घायुष्य चिंततो. पण भाग्याच्या जोरावर पुढचं उड्डाण ठरवू नये, एवढं त्यांनी ऐकावं. कारण आमच्या जिल्ह्यात हेलिकॉप्टर फक्त मंत्र्यांचं नाही. त्याच १७ जुलैला एटापल्ली तालुक्यात वांडोलीच्या जंगलात चकमक पेटली, १२ माओवादी ठार झाले, आणि जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनंच बाहेर काढलं. निवडणुकीत मतदान यंत्रं घेऊन शिक्षक आणि तलाठी हेलिकॉप्टरनंच आत जातात. पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला तेच एक साधन उरतं. त्या बाईकडे माइक नाही. ती ढगात घाबरली, तर कुणाला सांगणार?

सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीचं नाव न ऐकता ती पाळणारी माणसं मी पाहिली आहेत. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया निघतात. एखादीला नाल्याच्या ओल्या मातीत वाघाचा ताजा पगमार्क दिसला, की ती टोपली तशीच घेऊन मागे फिरते. ती गावात शिरायच्या आत बातमी शिरते. पीआरटीची, म्हणजे गावच्या प्राथमिक प्रतिसाद पथकाची, पोरं काठ्या घेऊन निघतात, वनरक्षकाला फोन जातो, दुसऱ्या दिवशी त्या नाल्याकडे कुणी पाऊल टाकत नाही. वाघानं काही केलेलं नसतं. अर्धी टोपली का आणलीस, असं तिला कुणी विचारत नाही. तरीही इथे माणसं वाघाच्या तोंडी जातात, दरवर्षी जातात, कारण पोटासाठी जंगलात जावंच लागतं. पण त्या बाईची बातमी वाया गेली, असं मी पाहिलेलं नाही.

सरकारी खात्यांकडून मला एवढंच हवं आहे, आणि ते मोठं मागणं नाही. १७ जुलैच्या उड्डाणाची नोंद झाली असेल तर त्यातून काय बदललं, ते लोकांना सांगा. झाली नसेल तर आज करा. अहेरी, आल्लापल्ली, भामरागड इथे ढगांची उंची आणि दृश्यता मोजणारी साधनं बसवा. लोखंडाच्या खाणीचे ट्रक मोजायला यंत्रं आहेत, ढग मोजायलाही मिळतील.

आणि हेलिकॉप्टरवर थांबू नका. बल्लारशाह स्थानकात २७ नोव्हेंबर २०२२ला पादचारी पुलाचा भाग खाली आला, एक महिला गेली, कितीतरी जखमी झाले. तो पूल रोज पायाखाली घालणाऱ्या हमालांना आणि प्रवाशांना त्याआधी कुणी काही विचारलं होतं का? २३ जानेवारी २०२४ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा बाया बुडाल्या. एका दिवसाच्या मजुरीसाठी. आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी ती नाव किती हलली होती, पाणी किती आत आलं होतं, हे त्यांच्यातल्या कुणी ना कुणी घरी सांगितलंच असेल. त्या घाटावर ऐकून लिहून घेणारं कुणी नव्हतं. नावेत किती माणसं बसवायची, याचा फलक हवा होता. अंगावर घालायला जाकिटं हवी होती. आणि घाटाची जबाबदारी कुणाची, ते एका माणसाच्या नावानिशी लिहिलेलं हवं होतं. मिरचीचा तोडा दर जानेवारीत येतो. पुढचा यायच्या आत हे करा.