पाचशे रुपयांत फोरमन व्हा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाइट पेटली आहे. सिंदेवाहीतल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि "कम्प्युटर लावा लागते जी" म्हणून पुढच्या गाडीकडे वळला. खचू नका. तो कम्प्युटर आता काही शेकड्यांत घरपोच मिळतो. पुढच्या सूचना क्रमाने पाळा. गाडी सुधारेल असा आमचा दावा नाही. लाइट विझेल. आपल्याला एवढंच तर हवं आहे.

१. आधी स्कॅनर मागवा, मग तो गाडीला लागतो का ते पाहा. उलट केलंत तर पार्सल उघडण्याची मजा जाते. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं कपलर असतं. गाडी कार्बोरेटरची मारुती ८०० असेल तर तिथे फार तर कोळ्याचं जाळं हाताला लागेल. तुम्ही नशीबवान आहात, तुमच्या गाडीत बिघडायला सेन्सरच नाहीत. खरी गंमत मधल्या काळातल्या गाड्यांची. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (स्कॅनरशी बोलणारी व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून लागू झालं खरं, पण बीएस-४ स्वतःच देशभर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे आमच्या एमएच ३४ पासिंगची एखादी २०१४ सालची सेकंडहँड गाडी असेल, तर कपलर सापडेल, स्कॅनरही बसेल, पण आतून कोणी 'ओ' देईलच असं नाही. अशा वेळी स्कॅनर खराब निघाला म्हणून परत पाठवा आणि दुसरा तसलाच मागवा.

२. खोक्यावर 'ईएलएम ३२७, व्ही १.५' लिहिलेलं हवंच. ही चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीला नक्कलबंदी नव्हती, तेव्हा जगभर तिच्या नकला निघाल्या. मूळ कंपनी १.४ वरून थेट २.० वर गेली. १.५ तिने कधी काढलीच नाही. म्हणजे तुमच्या हातातली वस्तू इतकी दुर्मीळ आहे, की ती बनवणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्नही सुटला. ब्लूटूथचा पिन बहुधा १२३४ असतो. आयफोन असेल तर ब्लूटूथवाला साधा स्कॅनर जोडला जाणार नाही. हे मात्र घेतल्यावरच कळू द्या.

३. आता कोड वाचा. मोबाइलवर 'पी ०१७१' आलं. अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय ते कोड सांगत नाही. व्हॅक्यूमचा पाइप तडकला असेल, फ्युएल फिल्टर चोंदला असेल, पंप दमला असेल, कुठे गॅस्केटमधून हवा शिरत असेल. एवढा विचार करायला वेळ कोणाला आहे? ही बातमी कम्प्युटरला ओ-टू सेन्सरने दिली, तेव्हा ओ-टू सेन्सरच बदला. गावात चोरी झाल्याची वर्दी कोतवालाने दिली म्हणून कोतवालच बदलायचा, तसं. नव्या सेन्सरनेही तीच वर्दी दिली तर तोही डुप्लिकेट समजा आणि ओरिजिनल मागवा. तोवर तुम्ही फोरमन झालेले असाल आणि गिऱ्हाईक विचारेल, "भाऊ, लाइट कायची होती जी?" तुम्ही सांगा, "सेन्सर गेला होता." या उत्तरानंतर सिंदेवाहीत, मूलला, नागभीडला, कुठेही दुसरा प्रश्न येत नाही.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. मल्टीमीटर विकत घेऊ नका. सेन्सरचं कपलर काढून आत पाणी गेलंय का, हिरवा थर चढलाय का, हे बघू नका. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची वायर घट्ट आहे का, हे तर मुळीच तपासू नका, कारण व्होल्टेज पडलं की कम्प्युटर भलत्याच सेन्सरांच्या नावाने बोंबलतो आणि ते सगळे सेन्सर तुम्हाला विकता येतात. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतं, बांधीतले उंदीर घराकडे वळतात आणि इंजिनाच्या उबेला बसून वायरी कुरतडतात. आमच्या भागात या दिवसांतल्या अर्ध्या 'सेन्सर गेला'मागे उंदीर असतो असा आमचा संशय आहे. तो ग्राहकाला सांगू नये. उंदराचं बिल करता येत नाही.

४. पुसा. स्कॅनरवरचं हे सर्वांत लाडकं बटण. कोड उमटला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, पाणी किती तापलं होतं, गाडी किती वेगात होती, हे कम्प्युटरने टिपून ठेवलेलं असतं. दोष शोधायला सगळ्यात कामाची नोंद तीच, आणि बटण दाबलं की कोडाबरोबर तीही जाते. लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच दोषांची लाइट सलग दोन फेऱ्यांत तीच तक्रार दिसल्यावरच पेटते, म्हणून गिऱ्हाईक मूलला जाऊन येईपर्यंत तुमची अब्रू शाबूत राहते. झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात तर हे बटण म्हणजे वरदान. वडश्याहून सामान घेऊन निघालेल्या पिकअपवाल्याला रात्रीच्या प्रयोगाआधी नवरगाव गाठायचं असतं, बिघाडाचं निदान ऐकायला त्याला सवड नसते. पीयूसीचीही धास्ती नको. आपल्याकडे तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालतात, लाइटला कोणी विचारत नाही.

५. 'नो फॉल्ट' आलं की गाडी ठणठणीत असल्याचं जाहीर करा, भले एबीएस आणि एअरबॅगच्या लाइट समोर झगमगत असोत. ओबीडीचा हा सगळा खटाटोप मुळात मिस्त्रीसाठी नव्हताच. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना आपला धूर आपणच तपासायला लावलं, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना एकच कपलर आणि एकच कोडभाषा आली. स्वस्त स्कॅनरला ही धुराचीच भाषा कळते. ब्रेक, एअरबॅग, इमोबिलायझर यांच्याशी कंपनीच्या खासगी भाषेत बोलणारी यंत्रं अनेक हजारांपासून लाखाच्या घरात जातात. बीएस-६ डिझेल गाडी घेऊन कोणी रोज बसस्टँड ते राइस मिल एवढंच फिरत असेल, तर त्याचा डीपीएफ, म्हणजे धुराची गाळणी, काजळीने भरणारच. काजळी जाळायला एकतर लांब पल्ल्यावर गाडी पळवावी लागते, नाहीतर मोठ्या यंत्राने हुकूम सोडावा लागतो. तुम्ही फक्त कोड पुसा. काजळी आहे तिथेच राहते.

६. काम झाल्यावर स्कॅनर काढू नका. सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही चालू असतो. गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, व्होल्टेज पडतं, नवे कोड येतात. धंद्याला भांडवल लागतं ते असं.

७. दर ठरवा. स्कॅनिंगचे वेगळे, पुसण्याचे वेगळे, सेन्सरचे आणि तो बसवण्याचे वेगळे घ्या. चुकून कुरतडलेली वायर सापडलीच, तर तासभर शोधल्याची मजुरी मागू नका. टेप गुंडाळण्याचे शंभर रुपये सिंदेवाहीत कोणी देत नाही, नागपुरातही नाही. सेन्सरचे चार हजार मात्र दोन्हीकडे बिनतक्रार मिळतात.