गुडघामीमांसा: औंध प्रकरण

आता गुडघ्याचा विचार. पुण्याहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी, अशा प्रत्येक सहलीत एक गुडघा असतोच. तो कुणाचा, हे आधी ठरलेले नसते. कात्रजच्या बोगद्यात तो नसतो, खंबाटकी घाटात नसतो, वाटेतल्या मिसळीच्या रांगेत तर मुळीच नसतो. सातारा ओलांडून रहिमतपूरमार्गे औंधला पोहोचावे, यमाईच्या डोंगराखाली गाडीचे दार उघडावे, की पायऱ्या दिसताच तो प्रकटतो. ‘तुम्ही या जाऊन. मी बसतो गाडीत.’

पूर्वपक्ष म्हणतो, गुडघा हा शरीराचा अवयव नसून स्थळाचा गुण आहे. तो पायऱ्यांत वसतो आणि चढणाऱ्याला लागतो. या मताला अडचण आहे ती इतिहासाची. याच गावी १९०९ पासून गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. स्वतः घालीत, घरच्यांना घालायला लावीत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९३८ साली त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघाले. बरे, संस्थान तरी सलग असावे? क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल, तेही तुकड्यातुकड्यांत: औंध आजच्या साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ तर पार विजापुराकडे. कुंडलजवळचा माळ त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिच्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून राजाने सत्ता रयतेच्या हाती दिली. इतक्या उठाठेवींत त्यांचा गुडघा दुखल्याची नोंद आमच्या वाचनात नाही.

पायऱ्यांत दोष असता, तर तो आधी राजाला लागला असता. म्हणून उत्तरपक्ष.

गुडघा इच्छेच्या विरुद्ध दिशेने दुखतो. प्रमाण: संग्रहालयापर्यंत गाडीरस्ता आहे, असे कुणी सांगताच तो तत्काळ बरा होतो, आणि आत शिरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दालनात उलटतो. आता हे श्रीभवानी संग्रहालय बाळासाहेबांनीच १९३८ मध्ये डोंगरावर उभारलेले. खटाव तालुक्यातल्या एका गावात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे दगडी ‘माता आणि मूल’सुद्धा! आमच्या मते या एका शिल्पापुढे पाऊण तास सहज उभे राहावे. गुडघ्याच्या मते कोपऱ्यातला पहारेकऱ्याचा स्टूल हीच तिथली सर्वांत पाहण्यासारखी वस्तू.

(गुडघ्याचा धनी बाहेर येऊन ‘अप्रतिम संग्रह’ असे म्हणतोच. ते मत त्याने आधीच केलेले असते.)

खरी कसोटी परतीच्या वाटेवर, साताऱ्यात. कंदी पेढ्यांच्या दुकानापुढे गर्दी असते, बसायला काही नसते, आणि गुडघेवाला सर्वांत पुढे उभा असतो. शेजाऱ्यांसाठी वेगळा पाव किलोही बांधून घेतो. पूर्वपक्षाचा यावर अखेरचा बचाव असा, की पेढ्यांच्या दुकानाला पायऱ्या नसतात. असतात.