कलमाखालची पांढरी

पांढरी घेऊ नको, असं मला पाच जणांनी बजावलं होतं. त्या पाचांपैकी एकाकडेही पांढरी गाडी नव्हती. एवढ्यावरून मी ओळखलं की हे जळतात, आणि पांढरी घेतली.

आता दर डिसेंबरात सकाळी साडेसहाला मी माकडटोपी घालून अंगणात उकिडवा बसतो आणि चाकांच्या कडा पुसतो. नेमके त्याच वेळी त्या पाचांतले तिघे फिरायला आमच्या रस्त्याने जातात. पूर्वी ते भाट्याच्या पुळणीवर जायचे.

दोष जाहिरातीचा. त्या जाहिरातीत पांढरी गाडी बर्फातून चालली होती, आणि आत बसलेला माणूस थोडाफार माझ्यासारखा दिसत होता (असं मला वाटलं; बायकोला वाटलं नाही). बर्फात पांढरी गाडी दिसेल कशी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आमच्याकडे बर्फ मिरकरवाडा बंदरावर मिळतो, माशांवर घालायला. त्या माशांच्या टेम्पोमागे एकदा गाडी घातली की काचेवर जे शिंतोडे उडतात, ते कुठल्याच जाहिरातीत दाखवत नाहीत.

माझा हिशेब तसा सरळ होता. पावसाळ्यात रत्नागिरीत गाडी धुणं म्हणजे समुद्रात कळशी ओतणं. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात कोणाची गाडी कुठल्या रंगाची आहे हे मालकालाही आठवत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, तेव्हा गाडी धुवायला पाणी मागणारा मुलगा आईच्या नजरेतून उतरतो. एवढा पाऊस पडून पाणी जातं कुठे, असं घाटावरचे पाहुणे विचारतात. जातं जांभ्यातून. आमचा कातळ चाळणीसारखा आहे, आणि चाळणीला पाऊस किती झाला याच्याशी कर्तव्य नसतं. राहिली थंडी. चिखल नाही, टंचाई नाही, आभाळ निळंशार. गाडी मिरवावी तर याच दिवसांत, थिबा पॉइंटपर्यंत न्यावी, दहा मिनिटं उगाच उभी करावी आणि सूर्यास्ताकडे पाठ करून आपलीच गाडी बघावी.

थंडी म्हणजे आमची थंडी. पारा १८ अंशांवर आला की आम्ही स्वेटर काढतो, कान बांधतो आणि एकमेकांना ‘यंदा जास्तच आहे’ म्हणतो. दापोलीवाले यावर हसतात. त्यांना ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणवून घ्यायची सवय झालीय, त्यांच्या नादाला लागू नये.

पण या १८ अंशांत किती कारस्थान भरलेलं आहे, हे पांढऱ्या गाडीच्या मालकालाच कळतं. रात्री आभाळ मोकळं असलं की गाडीचं टप आपल्यातली ऊब आभाळाला देऊन बसतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतं. मग समुद्राची दमट हवा तिथे येऊन पाणी होते. हे दंव. कवींनी त्याला मोती वगैरे म्हटलंय, कारण कवींकडे गाड्या नव्हत्या. दिवसभर बसलेली तांबडी धूळ या दंवात भिजते, टपावरून ओघळते आणि सकाळी दारांवर असे पाट दिसतात की वाटावं, रात्री कोणीतरी गाडीवर पान खाऊन थुंकलं. त्यात हायवेचं चौपदरीकरण. हातखंब्याला जाऊन आलं की गाडीचा रंग काय असं विचारणाऱ्याला मी ‘मूळचा पांढरा’ असं सांगतो, एखाद्याचं मूळ गाव सांगावं तसं. त्या रस्त्याला पूर्वी दोन्ही बाजूंनी झाडं होती. जुनी, आडवी, गाडीला सावली देणारी. धूळ एक वेळ पुसता येते.

शाळेत शिकवलं होतं की आपली माती लाल, कारण तिच्यात लोहाचं ऑक्साइड. लोहाचं ऑक्साइड म्हणजे सोप्या मराठीत गंज. तेव्हा माझी गाडी गंजत नाही. तिच्यावर आधीच गंजलेला जिल्हा येऊन बसतो. या गावात ज्यांना अक्कल होती त्यांनी हे ओळखलं होतं. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० साली राजवाडा बांधून पुरा केला, त्याचा रंग जाऊन बघा. लाल. राजाला पांढरा वाडा द्यायची चूक इंग्रजांनीसुद्धा केली नाही.

वर आणखी खारं वारं. दिवसा समुद्राकडून येतं, येताना मीठ आणतं, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणजे पत्र्याचं वाटोळं. माझा भाचा टोरांटोला असतो. तो फोनवर रडत होता की तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाड्या खालून खाल्ल्या जातात. हिवाळाभर गाडीचं पोट धुऊन घ्यावं लागतं. मी त्याला धीर दिला. म्हटलं, तुमच्याकडे मीठ विकत आणून टाकावं लागतं, आमच्याकडे समुद्र घरपोच देतो. तेवढ्यावर त्या दिवशी माझा अभिमान सुखावला. नंतर वायपरची दांडी बघितली. तिला गंज लागला होता.

आता कोणी म्हणेल, मग गाडी झाडाखाली लावावी. बरोबर आहे. डोक्यावर फांद्यांचं छत असलं की दंव फारसं धरत नाही. पण आमच्या अंगणात झाड एकच, आणि ते हापूसचं कलम.

थंडी पडली की कलम मोहोरतं. सगळी रत्नागिरी त्या थंडीकडे डोळे लावून बसलेली असते. बागायतदार भेटले की हवामानाखेरीज दुसरं बोलत नाहीत. आणि मोहोर आला, वर आभाळ जरा ढगाळलं, की तुडतुडे आलेच. हा प्राणी जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. मोहोरातला रस पितो, त्याला हवं तेवढं ठेवतो आणि उरलेली साखर मागच्या दाराने सोडून देतो. शास्त्रात त्याला काहीतरी गोड नाव आहे. माझ्या दृष्टीने ती किड्याची शी आहे आणि ती माझ्या बॉनेटवर पडते. आधी बारीक थेंब, दंवासारखे निष्पाप. मग ऊन लागलं की त्याचा पाक होतो. पाकावर मोहोराची गळ चिकटते, तिच्यावर तांबडी धूळ, आणि आठवडाभर दुर्लक्ष केलं तर त्या सगळ्यावर काळी बुरशी. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बॉनेटवरच्या या चिकट्याला अजून मिळायचंय, पण अस्सलपणात तो तसूभर कमी नाही.

उघड्यावर लावली तर दंव, कलमाखाली लावली तर चिकटा. कव्हर आणून बघितलं. पहिल्या रात्री त्याच्यात ओल कोंडली, दुसऱ्या दिवशी मांजरीने त्याच्यावर बाळंतपण करायचं ठरवलं, तिसऱ्या दिवशी माकडांनी ते कौलांवर नेलं. अजून तिथेच आहे.

शेवटी मी आईला म्हटलं, “गाडीवर येणारी तेवढी एक फांदी छाटू या का?”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गाडीचा तेवढा एक भाग छाट.”

यंदा नाताळात पुण्याहून मेव्हणा आला. त्याची गाडी राखाडी. घाट उतरून आली तरी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. त्याच्या सोसायटीत रोज पहाटे एक माणूस येऊन सगळ्यांच्या गाड्या पुसतो. “भावोजी, सिल्व्हर घ्यायची होती,” असं म्हणत त्याने मला निळ्या, झुबकेदार मायक्रोफायबर फडक्यांचा संच भेट दिला.

इथे फडक्याविषयी थोडं बोलायला हवं. थोडं म्हणजे बरंच, कारण या विषयावर बोलायला मला कोणी बोलावत नाही.

आमच्या घरात कापड मरत नाही, त्याची पदावनती होते. धोतर मधोमध विरलं की मधला भाग काढून टाकून कडेचे तुकडे जोडायचे. याला दांड घालणं म्हणतात. हल्ली हा शब्दही विरत चाललाय. दांडाचं धोतर घरात नेसायचं. तेही विरलं की त्याचे पंचे. पंचे विरले की ताटं पुसायची फडकी, मग भांडी उतरवायचं फडकं, मग लादीचं पुसणं, मग चुलीजवळचं पोतेरं, आणि सगळ्यात शेवटी काकडा करून त्याच्यावर घासलेट ओतून बंब पेटवायचा. ही झाली सन्मानाची निवृत्ती. बनियनची कारकीर्द याहून छोटी पण धावपळीची: अंग, सायकल, स्कूटर, संपलं. माझ्या लहानपणी आमच्या दारात एक निळी स्कूटर होती आणि वडील दर रविवारी ती पुसायचे. त्यासाठी त्यांना फडकं लागायचं ते दांडाच्या धोतराचंच. निदान आठ वर्षं धुतलेलं. ‘नवं कापड ओरखडतं,’ ते म्हणायचे, ‘त्याला अजून स्वतःचा माज असतो.’ आधी पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच कापड लावायचं. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणारा माणूस आणि न विचारता दुसऱ्याच्या ताटात मीठ वाढणारा माणूस हे त्यांच्या लेखी एकाच पंक्तीला बसवण्यासारखे होते. पुसून झालं की पिळून, झटकून, दोरीवर दोन्ही टोकं सारखी करून वाळत घालायचे. स्कूटर चालायची अधूनमधून. फडकं मात्र कधी बिघडलं नाही.

तर मेव्हण्याची निळी फडकी. पहिल्याच धुण्यात त्यांनी तांबडी माती अशी काही धरली की सोडायला तयार नाहीत. चार वेळा धुतली, आता ती जांभळी आहेत. आणि त्या झुबक्यांत एखादा खडा अडकून बसला की गाडीवर रेघ उठते. बॉनेटवर अशी एक रेघ आहे. मी ती पाहुण्यांना दाखवत नाही, मेव्हण्याला मुद्दाम दाखवली.

म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तळाशी एक धोतर होतं, घडी घालून ठेवलेलं, मऊसूत, दांडाचं. हाताला लागताच कळलं की बॉनेटसाठी जगात याहून चांगलं कापड नाही. मी दाताने कड उसवली आणि एक हात लांब तुकडा टर्रकन फाडला.

तो आवाज स्वयंपाकघरात गेला.

“काय फाडलंस?” आईने विचारलं.

मी सांगितलं. वडील जाऊन तीन वर्षं झालीत. त्यांचे बाकीचे कपडे आम्ही दिले होते. हे एकच कोणी आणि का मागे ठेवलं असेल, हे मला तो तुकडा हातात आल्यावर सुचलं.

बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग आई दारात आली, तिने तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला.

“दांडावर फाडायचं. सरळ जातं,” म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवस मी गाडीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो, बंबातलं बादलीभर ऊन पाणी घेतलं (चिकटा गार पाण्याला दाद देत नाही) आणि अंगणात आलो, तर आई आधीच गाडीजवळ उभी. शाल गुंडाळून, चष्मा लावून बॉनेटवर वाकलेली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी घरात कोणीतरी गाडीकडे बघितलं. तिने एक बोट बॉनेटवरून फिरवलं, अंगठ्याला लावून ताणून बघितलं.

“काल एवढा नव्हता,” ती म्हणाली. “हाक मार काकांना.”

शेजारचे काका आले. त्यांची सतरा कलमं आहेत आणि डोळे दोन्ही मोतीबिंदूचे. झाडावर मान वर करून तुडतुडे शोधणं आता त्यांना होत नाही. तेही बॉनेटवर वाकले. “वा! काय स्वच्छ दिसतंय रे,” म्हणाले, आणि माझी छाती दोन इंच फुगली. “काळ्या गाडीवर कळलं नसतं. पांढऱ्यावर थेंब न् थेंब मोजून घ्या. आणि ही बघ गळ, यात कणी धरलेली दिसतेय.” त्यांनी नखाने माझ्या बॉनेटवरून मोहोराची एक काडी सोडवली. नखाचा आवाज मला ऐकू आला.

मग फवारणीवाल्याला फोन गेला. तो मोटरसायकलवरून आला, टोपी मागे सारून बॉनेटला एक प्रदक्षिणा घातली. “आई, तुडतुडा हाय बराच. उद्या वारा नसला तर मारून टाकू.” मग माझ्याकडे वळून: “दादा, गाडी इथंच लावत जा बरं का. बाजूला घेऊ नका.”

मी फडकं भिजवलं.

“अरे थांब,” आई म्हणाली, “पुसू नको एवढ्यात. वरच्या वाडीतले दोघं यायचेत बघायला.”

रस्त्यावरून ते तिघे फिरायला निघाले होते. फाटकाशी थांबले आणि आत आले. सगळी डोकी बॉनेटवर वाकली. मी पलीकडे माकडटोपी सारखी करत उभा होतो आणि बादलीतलं ऊन पाणी निवत चाललं होतं.