वासोट्याचे जाणकार

वासोट्याला निघालेल्या प्रत्येक गटात एक जाणकार असतात. गट पाच जणांचा असो वा पन्नासांचा, जाणकार एकच. दोन झाले तर बामणोलीच्या धक्क्यावरच गट फुटतो. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर रंग उडालेली टोपी. सॅकची चेन कधीच गेलेली असते आणि तोंड सुतळीने बांधलेले. मुलाने परदेशातून आणलेली नवी सॅक घरी माळ्यावर असते. नव्या सॅकवाल्याला कोणी वाट विचारत नाही, हे जाणकारांना पक्के ठाऊक असते.

वासोटा सातारा जिल्ह्यात, कोयना अभयारण्याच्या आत आहे. हे अभयारण्य १९८५ चे. दक्षिणेकडचे चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातही ही दोन्ही जंगले आहेत. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिले, असे सांगतात. जाणकारांचे म्हणणे असे, की महाराजांना जे तेव्हाच कळले होते ते सरकारला कळायला साडेतीनशे वर्षे लागली. या वाक्यावर लाँचमध्ये हशा पिकतो. मागच्या वर्षी आलेले लोक तेवढा वेळ पाण्याकडे बघतात.

लाँच जाणकारांना मुळीच मान्य नाही. कोयना धरणाचा शिवसागर पसरल्यापासून बामणोलीहून मेट इंदवलीपर्यंत तास-दीड तास पाण्यावरूनच जावे लागते. बसून काय ट्रेक करायचा, असे ते बजावतात आणि लाँचच्या टोकाची, वारा खायची जागा पकडतात. त्यांच्या वेळी कोकणातल्या चोरवण्यातून नागेश्वराच्या गुहेवरून चढून यायचे. गुहेत मुक्काम, तीन दगडांची चूल, खिचडी. आता जंगलात मुक्कामाला बंदी, पावसाळ्यात तर यायलाच बंदी. शिस्त नसल्यामुळे निसर्गाची वाट लागली, हेही तेच सांगतात आणि इतके नियम कशाला, हेही तेच विचारतात.

मेट इंदवलीच्या चौकीवर नावे लिहून घेतात आणि प्रत्येकाजवळचे प्लास्टिक मोजतात. परत येताना आकडा जुळला पाहिजे. जाणकारांनी आदल्या रात्रीच गटाला प्लास्टिकवर लांबलचक निरोप पाठवलेला असतो. मोजणीत सर्वांत जास्त पिशव्या त्यांच्याच निघतात. मिठाची, सुपारीची, सुईदोऱ्याची, गोळ्यांची, ओल्या मोज्यांची, सुक्या मोज्यांची आणि या सगळ्या पिशव्या ठेवायची एक पिशवी.

मग चढण. जाणकारांच्या कालगणनेत एकच माप आहे, अर्धा तास. पायथ्याशी विचारा, मध्यावर विचारा, गडाची तटबंदी दिसायला लागल्यावर विचारा, उत्तर तेच. त्यांना दम मात्र लागत नाही. त्यांना माहिती द्यायची असते. चढ जितका उभा, तितकी माहिती जास्त. सपाटीवर ते मुके असतात. पहिल्या चढाला राजापूरचे इंग्रज लागतात. इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफेची मदत केली, म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतली माणसे पकडली आणि त्यांतल्या काहींना वासोट्यावर कैदेत ठेवले. हे सांगताना जाणकार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकलेले असतात. दुसऱ्या चढाला ताई तेलीण येते. औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी या बाईने गड लढवला आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना महिनोन्‌महिने दाद दिली नाही. ही हकीकत अंजनाच्या सावलीत, खोडाला टेकून होते. एखाद्या चढाला इतिहास पुरत नाही. तिथे शेकरूचे घरटे, अस्वलाच्या नखांचे ओरखडे किंवा गव्याचे शेण कामाला येते.

बरोबर स्थानिक वाटाड्या असतो. तो पायात साधी चप्पल घालून चालतो आणि बोलत नाही. नागेश्वरची वाट फुटते तिथे जाणकार ठामपणे एका बाजूला वळतात. वाटाड्या काही म्हणत नाही, फक्त थांबतो. दहा पावलांवरून जाणकार परत येतात आणि वनखात्याने वाट बदलल्याचे जाहीर करतात. थोडे पुढे गेल्यावर, या जंगलाला माणसाचा हात लागलेला नाही, असे ते सर्वांना सांगतात. तेव्हा वाटाड्या एका जुन्या जोत्यावर बसून तंबाखू मळत असतो. खोऱ्यातली कित्येक गावे आधी धरणाने उठवली, मग अभयारण्याने. ही हकीकत जाणकारांच्या कोणत्याच चढाला बसत नाही.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचे देऊळ आणि चुन्याचा घाणा आहे. पण जाणकार सर्वांना आधी बाबूकड्यावर नेतात. समोर जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्या डोंगरावर तोफा चढवल्या, तिथून मारा केला आणि गड पडला. इथे जाणकारांचा आवाज खाली येतो. तो डोंगर मोकळा सोडायला नको होता, असे ते म्हणतात. किल्लेदाराने वेळेवर त्यांचाच सल्ला घेतला असता तर निदान एक पावसाळा तरी निघाला असता, अशी ऐकणाऱ्याची खात्री होते. त्यानंतर पोळी, शेंगदाण्याची चटणी आणि सर्वांच्या डब्यांतले थोडे थोडे.

संध्याकाळच्या आत चौकीवर परतावे लागते. उतरताना माहिती नसते, कारण उतारावर दम लागत नाही. चौकीवर पुन्हा प्लास्टिकची मोजणी होते. सगळ्यांचे आकडे जुळतात, जाणकारांची एक पिशवी कमी भरते. सुतळी सुटते, सॅक जमिनीवर उपडी होते, ओले मोजे आणि सुके मोजे वेगळे केले जातात. लाँचवाला दोनदा हाक मारतो. शेवटी पिशवी सापडते, गुडघ्याच्या पट्ट्याखाली. पट्टा काचू नये म्हणून जाणकारांनीच ती सकाळी तिथे घडी करून घातलेली असते. या सगळ्यात अर्धा तास जातो, आणि तो मात्र घड्याळाप्रमाणे अर्धाच असतो.