अक्षरासाठी ग्रंथ थांबवणारा वेडा

शहाणा लेखक लिहितो, हस्तलिखित प्रकाशकाकडे देतो आणि मोकळा होतो. अक्षर कसं दिसतं, ओळ कुठे मोडते, ही त्याच्या लेखी छापखान्याची डोकेदुखी. वेडा लेखक लिखाण बाजूला सारून आधी छपाईचं अवजार घडवायला बसतो. मी त्या वेड्याचं गुणगान करणार आहे.

स्टॅनफर्डचे डोनाल्ड कनुथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ १९६२ मध्ये लिहायला घेतलं. १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये तीन खंड निघाले. पुढे दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती करायची ठरली. आधीचे खंड धातूच्या खिळ्यांनी जुळवलेले होते. आता फोटोटाइपसेटिंग आलं होतं. १९७७ मध्ये प्रुफं हाती आली. मजकुरात काही बिघडलं नव्हतं, पण अक्षरं आणि त्यांच्यातली अंतरं कनुथांच्या डोळ्यांना सहन होईनात. व्यवहारी माणसाने प्रुफं तपासून परत पाठवली असती. कनुथांनी चौथा खंड थांबवला आणि अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. वर्षभराच्या रजेत काम उरकेल, असा त्यांचा अंदाज होता. गेली सुमारे दहा वर्षं.

त्या वर्षांत काय झालं ते बघा. ‘टेक’ नावाची प्रणाली तयार झाली. ती ओळ भरली की तोडून पुढे जात नाही. अख्खा परिच्छेद एकदम पाहून कुठे मोडलं तर सगळ्या ओळी सुबक बसतील, ते ठरवते. अक्षरं रेखण्यासाठी ‘मेटाफाँट’ वेगळं लिहावं लागलं. रोमन ‘एस’चं वळण गणितात बसेना, तेव्हा त्या एका अक्षरावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला, १९८० मध्ये. एवढी मेहनत करून प्रणाली जगाला फुकट दिली. वर चूक दाखवणाऱ्याला सुरुवातीला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस, कारण २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतला एक डॉलर! आवृत्तीचा क्रमांकही दर सुधारणेला एकेका अंकाने ‘पाय’च्या जवळ सरकतो: ३.१४, ३.१४१, ३.१४१५.

हिशेबी लोक म्हणतील, यात ग्रंथ मागे पडला. पडलाच. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये आला; तिसऱ्या खंडानंतर ३८ वर्षांनी. सगळा उशीर काही टेकमुळे नव्हे, विषयही वाढत गेला होता. पण समजा सगळा टेकमुळेच झाला, तरी मला तो सौदा मान्य आहे. आज जगभरचे गणिती आपले शोधनिबंध टेकवर उभ्या राहिलेल्या साधनांनी लिहितात. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थाउस यांनी टेकसाठी देवनागरीही केली. कनुथांनी वेळेवर चौथा खंड दिला असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

आपल्याकडे हे वेड जुनं आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मिशनऱ्यांचा छापखाना पाहून स्वतःचं यंत्र उभं केलं, शाईही घरीच तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शहाण्यांनी त्यांनाही सांगितलं असतं, की हाताने नकला काढणारे आहेत की!

मराठीत लिहिणारे आणि प्रोग्रॅमिंगही येणारे आज पुष्कळ आहेत. मराठी मजकुरात अजून हिंदी वळणाचे ल आणि श घुसतात, पाकळीचा ल आणि देठाचा श मुद्दाम शोधावा लागतो. शब्दतपासणी सामासिक शब्दांपुढे हात टेकते. मित्रांनो, तुमची कादंबरी दोन वर्षं उशिरा आली तर कोणी उपाशी मरणार नाही. ती बाजूला ठेवा, यातलं एक काम हाती घ्या, आणि झालं की फुकट वाटा.