फक्त राहण्यासाठी

बंगळूरच्या भाडेकरारात एक वाक्य हमखास असते : सदर जागा फक्त राहण्यासाठी वापरायची. करार 11 महिन्यांचा, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, आणि नोंदणी म्हटली की खर्च आला. डिपॉझिट मात्र परंपरेने 10 महिन्यांचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांनी हे अख्खे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना 3 लाख रुपयांना देऊन टाकले, असे इतिहास सांगतो. आज तेवढ्यात 30 हजार भाड्याच्या एका घराचे डिपॉझिट भागते, आणि तेही घर सोडताना रंगकामाचे पैसे कापूनच परत मिळते. तर या घराचा मालक स्वतः तळमजल्यावर राहतो, वरचे तीन मजले भाड्याने देतो, एजंट, प्लंबर आणि रंगारी सांभाळतो, दर महिन्याच्या पाच तारखेला वसुलीला जिना चढतो. हा सगळा कारभार तो लुंगीवर, आपल्या राहत्या घरातून चालवतो. आणि करारात लिहून घेतो की घरातून धंदा करायचा नाही. या गृहस्थाला धंद्याचे वावडे नाही, दुसऱ्याच्या धंद्याचे आहे. असे वावडे समजण्यासारखे आहे, पण त्याला तत्त्व म्हणता येत नाही.

तत्त्वाचा निकाल तसाही मार्च 2020 मध्येच लागला. टाळेबंदी लागली आणि या शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्या रातोरात भाड्याच्या बेडरूममध्ये शिरल्या. अमेरिकेतल्या बँकांचे हिशेब कोरमंगलातल्या डायनिंग टेबलावरून सुटू लागले, आणि एकाही मालकाने जिना चढून ‘हे व्यापारी काम आहे, बंद करा’ असे सांगितल्याचे ऐकिवात नाही. उलट ‘आयटीवाला आहे’ हे अजूनही भाडेकरूचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र आहे. आता त्याच खोलीत त्याची बायको चकलीची भाजणी विकू लागली, की तो मात्र उद्योग ठरतो. नवरा दिवसभर परदेशी गिऱ्हाइकाशी कर्कश्श आवाजात बोलतो ते राहणे, आणि बायको मुकाट्याने पिठात मोहन घालते तो धंदा! कमाईवर आक्षेप असता तर दोघांवरही हवा होता. तेव्हा मालकाला खुपतो तो वास, आणि फाटकाशी वाढलेल्या चपला. त्यानेही तसेच सांगावे, म्हणजे बोलणे पुढे सरकेल.

घरातल्या धंद्याचा दाखला द्यायचा तर याच शहरात फ्लिपकार्टचा देतात. 2007 साली दोन बन्सलांनी कोरमंगलातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून पुस्तके विकायला सुरुवात केली, आणि 2018 मध्ये वॉलमार्टने तिचा 77 टक्के वाटा 16 अब्ज डॉलरना घेतला. पण हा दाखला मालकाच्या फारसा कामाचा नाही. त्या वाट्यात घरमालकाला काही मिळत नाही, आणि शंभरातले नव्याण्णव भाडेकरू फ्लिपकार्ट काढणारही नाहीत. जास्त शिकण्यासारखे आहे ते मुंबईत. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांनी दहा बाय दहाच्या खोल्यांतून गिरणी कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते याच बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, त्याची लिज्जत झाली. शेजाऱ्यांनी ‘गच्ची फक्त कपडे वाळवण्यासाठी’ असा नियम दाखवला असता, तर आज कित्येक पंगती पापडावाचून उठल्या असत्या.

मालकाच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि ती भरपूर आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की जागा ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. वीज हा तर खरा काटा. घरगुती मीटरवर व्यापारी वापर आढळला, तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि मीटर मालकाच्या नावावर असेल तर नोटीसही त्याच्याच दारात. पाण्याचे तर विचारूच नका. मार्च 2024 मध्ये बोअरवेल आटल्या, तेव्हा जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले : 12 हजार लिटरचा टँकर जवळपासच्या अंतरासाठी 1 हजार रुपयांना. अशा गावात वरच्या मजल्यावर पन्नास डबे घासले जाणार असतील, तर खालच्या मजल्यावर रक्तदाब वाढणारच. शिवाय जीएसटीच्या नोंदणीसाठी भाडेकरू मालकाचे संमतिपत्र मागतो, आणि सरकारी कागदावर सही करायची म्हटली की ज्याने आयुष्यात काही दडवले नाही त्याचाही हात थरथरतो.

पण हे सगळे आक्षेप मोजता येण्यासारखे आहेत, आणि जे मोजता येते त्याला करारात कलम लिहिता येते. पाण्याला वेगळे मीटर बसवता येते, टँकरचा वाटा ठरवता येतो, विजेचा दर बदलून घेऊन फरक भाडेकरूकडून वसूल करता येतो. शिकवणी असेल तर एका वेळी मुले किती, गिऱ्हाइकांनी किती वाजेपर्यंत यायचे, स्कूटर कुठे लावायच्या, हे दोन ओळींत मावते. वेल्डिंगचे दुकान नको, लाकूड कापणे नको, दहा कारागीर नकोत, हेही मान्य. ते घरात मावतच नाही. बाकी बंद दाराआड कोणी जमाखर्च लिहिते की ब्लाउज शिवते, याची चौकशी मालकाने करू नये. ‘एकदा धंदा सुरू झाला की हा जागा सोडणार नाही’ ही भीती मात्र उलटी आहे. ज्याचे गिऱ्हाईक त्या पत्त्याला सरावले, तो भाडे थकवत नाही. घर बदलण्याची सर्वांत जास्त धास्ती त्यालाच असते.

डिपॉझिटपुरते एक सांगून ठेवतो. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी 2 महिन्यांची मर्यादा सुचवली, व्यापारी जागेसाठी 6 महिन्यांची. म्हणजे आमचे मालक राहत्या घराचे डिपॉझिट दुकानापेक्षाही जास्त घेतात आणि वर दुकान नको म्हणतात. त्या हिशेबाने भाडेकरूने उद्या स्वतःहून ‘माझी जागा व्यापारी धरा’ असा अर्ज केला, तर मालकाला 4 महिन्यांचे पैसे परत करावे लागतील. राहिला दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांचा प्रश्न. तेव्हा मराठी घरांतल्या तळणीचा वास चारही मजले चढतो, त्यामुळे त्याला वेगळे कलम लागेल. चकलीच्या पहिल्या घाण्यातला डबा तळमजल्यावर किती वाजता पोचवायचा, ते त्यात स्पष्ट लिहावे.