अनिर्गमनमीमांसा : झपाटलेल्या घरातील कुटुंब घर सोडून का जात नाही?

१. अनुबंध

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. तदनुसार प्रस्तुत निबंधाचा विषय हा : आधुनिक उपनगरातील पिशाच्चबाधित घरात राहणारे कुटुंब, बाधेची पूर्ण जाणीव असूनही, ते घर सोडून का जात नाही? प्रयोजन, या प्रश्नाविषयी माजलेल्या अनवस्थेचे निराकरण. संबंध, प्रतिपाद्य-प्रतिपादकभाव. अधिकारी तो, ज्याने अमेरिकी उपनगरांतील भयकथा रात्री एकट्याने वाचल्या वा पाहिल्या आहेत आणि तदनंतर पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत जाण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी शेष आहे.

पिशाच्च घरात का येते, याचा ऊहापोह पूर्वसूरींनी विपुल केला. कुटुंब घरातून का जात नाही, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. तो जाहीर सभेत निःसंदिग्धपणे उपस्थित करण्याचे श्रेय अमेरिकी विनोदवीर एडी मर्फी यांच्याकडे जाते. १९८३ सालच्या ‘डिलिरियस’ या त्यांच्या प्रवचनात त्यांनी असे प्रतिपादिले, की घराने स्वमुखाने निघून जाण्याची आज्ञा केल्यावर ती शिरोधार्य न मानणे हा गोऱ्या कुटुंबांचाच आचार होय. कृष्णवर्णीय कुटुंब तत्क्षणी निघेल. प्रश्न त्यांनी मांडला, परंतु त्याचे वर्गीकरण केले नाही. ती न्यूनता येथे भरून काढली आहे.

२. लक्षण व पदकृत्य

लक्षण असे : *द्वार उघडे, वाहन सज्ज, पादगती अबाधित आणि पिशाच्च प्रमाणसिद्ध असताना गृहस्थाने गृहातच वास्तव्य करणे म्हणजे अनिर्गमन.*

‘द्वार उघडे’ हे पद नसते, तर कोंडलेल्या कुटुंबांच्या ठायी अतिव्याप्ती झाली असती. ‘वाहन सज्ज’ हे पद क्षेत्रसापेक्ष आहे. अमेरिकी उपनगरात पायी कोणी कोठे जात नसल्याने, ज्याची मोटार बंद पडली त्याला निर्गमनाचे सामर्थ्यच नसते. ‘प्रमाणसिद्ध’ या पदाचा विस्तार अवश्य आहे. एखादे दार आपोआप मिटणे हे प्रमाण नव्हे. तो वारा असू शकतो. १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’ या चित्रपटात गृहिणी क्षणभर पाठ फिरवते, तोच स्वयंपाकघरातील खुर्च्या मेजावर एकावर एक रचलेल्या आढळतात. ही प्रमाणाची किमान मर्यादा मानावी. त्याहून कमी पुराव्यावर घर सोडणे हा उतावीळपणा ठरेल. त्याहून अधिक पुराव्यावर घरात राहणे हा आपला विषय.

३. क्षेत्रविचार

होरेस वॉल्पोल यांच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून पिशाच्चांचे वास्तव्य गढीत असे. गढीतील पिशाच्च बहुधा कुलातीलच; त्यामुळे तेथील बाधा ही भाऊबंदकीची एक शाखा समजावी. गढी वंशपरंपरेने आलेली असल्याने ती सोडणे म्हणजे कुल सोडणे. सबब तेथे अनिर्गमनाचा प्रश्न शास्त्रीय अर्थाने उद्भवत नाही.

तो उद्भवला १९४७ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन या वसाहतीची उभारणी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत तेथे सतरा हजारांहून अधिक, जवळजवळ एकसारखी घरे उभी राहिली. ही घरे काँक्रीटच्या सपाट थरावर बांधलेली असून त्यांना तळघर नव्हते. पिशाच्चविद्येत हा प्रसंग युगान्तर घडवणारा होय, कारण त्यायोगे पिशाच्चांचे पारंपरिक निवासस्थान एकाएकी संपुष्टात आले. मात्र १९५० च्या नमुन्यात बांधकामातच दूरचित्रवाणी संच बसवून दिलेला होता. तळघरातून विस्थापित झालेल्या तत्त्वांचे पुनर्वसन कोठे झाले, हे ‘पोल्टरगाइस्ट’च्या अभ्यासकास सांगणे नलगे.

रिचर्ड मॅथिसन यांची ‘अ स्टर ऑफ एकोज’ (१९५८) ही कादंबरी कॅलिफोर्नियातील अशाच वस्तीत घडते. अ‍ॅन रिव्हर्स सिडन्स यांनी ‘द हाउस नेक्स्ट डोअर’मध्ये (१९७८) अटलांटाच्या प्रतिष्ठित उपनगरातील एक नवेकोरे घर बाधित दाखविले. त्यात पूर्वी कोणी मेलेले नाही, कारण त्यात पूर्वी कोणी राहिलेलेच नाही. यावरून बाधेला मृत व्यक्ती आवश्यक नसते. गृहप्रवेश पुरेसा असतो, हे सिद्ध होते.

४. अनिर्गमनाचे प्रकार

*(१) अपत्यमूलक.* अपत्य पिशाच्चाच्या ताब्यात असल्याने घर सोडता न येणे. ‘पोल्टरगाइस्ट’मधील फ्रीलिंग दांपत्याची धाकटी कन्या कपाटाच्या मार्गाने अन्य लोकी जाते आणि तिचा आवाज दूरचित्रवाणी संचातून येऊ लागतो. हा प्रकार निर्दोष होय. अपत्य संचात असताना घर सोडणे कोणत्याही स्मृतीस संमत नाही.

*(२) कौतुकमूलक.* बाधा मनोरंजक वाटल्याने राहणे. त्याच ग्रंथात, अनर्थ घडण्यापूर्वी, गृहिणी स्वयंपाकघराच्या फरशीवर खुणा आखते, कन्येच्या मस्तकी शिरस्त्राण चढवते आणि अदृश्य शक्तीने तिला एका खुणेपासून दुसरीपर्यंत घसरत नेलेले पतीस सोत्साह दाखवते.

*(३) आह्निकमूलक.* नित्यकर्म उरकण्यासाठी राहणे. कन्या परत मिळाल्यानंतर, सामान बांधून झाले असता, फ्रीलिंग कुटुंब त्या घरात आणखी काही काळ थांबते. पती कार्यालयात जातो. पत्नी स्नानास बसते. ज्या खोलीतील कपाटाने कन्या गिळली होती, त्याच खोलीत मुलांना निजवले जाते. भाष्यकारांत यावरून मोठा वाद आहे. एका पक्षाच्या मते हे अनिर्गमन नव्हे, कारण निर्गमनाचा संकल्प झालेला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, संकल्पानंतर स्नान हे शास्त्रोक्तच. परंतु ते संकल्पित स्थळी, म्हणजे नव्या घरी, करावयास हवे होते. प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो.

*(४) चित्रणमूलक.* बाधेचे चित्रीकरण पूर्ण करण्यासाठी राहणे. ओरेन पेली यांनी सॅन डिएगोतील स्वतःच्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलर खर्चून ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ (२००७) हा चित्रपट केला. त्यातील पुरुष शयनगृहात कॅमेरा मांडतो आणि प्रतिदिनी प्रातःकाळी रात्रीचे पिशाच्चकर्म अवलोकन करतो. जो पुरावा मिळताच पळावे, तो पुरावा मिळत असल्यानेच तो थांबतो. ज्ञानमार्गाचा हा परमोत्कर्ष होय.

*(५) अनुगमनमूलक.* पिशाच्च घराला नव्हे, व्यक्तीला लागलेले असल्याने जाणे निरर्थक ठरणे. उपरोक्त चित्रपटात तज्ज्ञ हेच निदान करतो. जेम्स वान यांच्या ‘इन्सिडियस’मध्ये (२०१०) कुटुंब खरोखरच दुसऱ्या घरी जाते आणि बाधा तेथेही उपस्थित होते. अनिर्गमनशास्त्राच्या इतिहासात या कुटुंबाचे स्थान वेगळे आहे : त्यांनी शास्त्राज्ञा पाळली आणि सामान हलवूनही त्यांना फल प्राप्त झाले नाही.

*(६) प्रशासनमूलक.* घर स्थानिक प्रशासनाचे असल्याने अन्य घर मिळेपर्यंत राहणे. १९७७ साली उत्तर लंडनमधील एनफिल्ड येथे नगरपरिषदेच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाला बाधा झाल्याचे प्रकरण गाजले. ‘द कॉन्ज्युरिंग २’ (२०१६) त्यावर आधारलेला आहे. येथे पिशाच्च दुय्यम असून प्रतीक्षायादी मुख्य होय.

*(७) श्वानमूलक पुनरागमन.* हा अपवादात्मक उपप्रकार. १९७९ च्या ‘द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर’ या चित्रपटात कुटुंब बाहेर पडते. परंतु गृहस्थ कुत्र्यासाठी पुनश्च आत जातो. धर्मराजाच्या महाप्रस्थानाशी याचे साम्य वरवरचे आहे. तेथे श्वान सोबत होता. येथे तो विसरला गेला होता.

५. संप्रदायभेद

उपरोक्त सर्व प्रकार ज्या मूळ प्रकारात विलीन होतात, तो ऋणमूलक अनिर्गमन होय. या संप्रदायाचे आधारवचन ‘अ‍ॅमिटीव्हिल’मध्ये आहे. जे अ‍ॅन्सन यांच्या १९७७ मधील ग्रंथानुसार, एका कुटुंबाने डिसेंबर १९७५ मध्ये लाँग आयलंडवरील अ‍ॅमिटीव्हिल गावी एक प्रशस्त घर ८० हजार डॉलरना घेतले. तेथे वर्षभरापूर्वी सहा जणांची हत्या झाली होती, हे त्यांना विक्रीपूर्वी सांगण्यात आले होते. किंमत ऐकून त्यांनी ते ऐकूनही घेतले. पुढे कथेत माश्या, दुर्गंध व अदृश्य उपद्रव यांची रेलचेल आहे. परंतु सूक्ष्मदर्शी वाचकाचे चित्त ठरते ते एका विवाहप्रसंगी गहाळ झालेल्या पंधराशे डॉलरांवर. स्टीफन किंग यांनी ‘डान्स मकाब्र’मध्ये (१९८१) ‘अ‍ॅमिटीव्हिल’ चित्रपटातील भय मुख्यत्वे आर्थिक असल्याचे दाखवून या संप्रदायास भाष्य पुरविले.

ऋणवाद्यांत कालांतराने तीन शाखा झाल्या. *मुद्दलवादी* म्हणतात, जितके मुद्दल फिटले तितकी आसक्ती. तीस वर्षांच्या गृहकर्जात आरंभीचे हप्ते बहुतांशी व्याजातच जात असल्याने, नवागत कुटुंब घर सहज सोडू शकते. ‘अ‍ॅमिटीव्हिल’चे कुटुंब अठ्ठावीस दिवसांत गेले, यात नवल ते काय? *व्याजवादी* यास छेद देतात. त्यांच्या मते दिलेल्या व्याजाचे दुःख मुद्दलाहून तीव्र असते, कारण ते कोठेच दिसत नाही आणि तरीही अस्तित्वात असते. *विसारवादी* उभयतांना अज्ञ ठरवतात : मनुष्य घराला बांधला जातो तो पहिल्या रकमेने, पुढचे सर्व नुसता विस्तार. या तिन्ही शाखांचे अनुयायी परस्परांच्या घरी जेवत नाहीत.

ऋणवाद्यांविरुद्ध *शेजारवादी* पक्ष उभा आहे. त्याचा आधार सिडन्स यांची कादंबरी. तेथे बाधित घर शेजारच्यांचे. परंतु निवेदिका व तिचा पती यांनी ही वार्ता नियतकालिकात प्रसिद्ध करताच, आळीने पिशाच्चावर नव्हे, त्यांच्यावर बहिष्कार घातला. शेजारवादी म्हणतात, लोक काय म्हणतील या भयाने कुटुंब जात नाही. ऋणवाद्यांचे उत्तर संक्षिप्त आहे : लोक काय म्हणतील यावर घराची किंमत ठरते, सबब हा वादही ऋणातच समाविष्ट.

६. सिद्धान्त

या विवादाचा निर्णय साहित्यशास्त्रात नव्हे, न्यायालयात झाला. न्यूयॉर्क राज्यातील न्याक गावच्या एका घराच्या विक्रेतीने घरात भुते असल्याचे ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये व वृत्तपत्रांत पूर्वी प्रसिद्ध केले होते. शहरातून आलेल्या खरीदाराला ते ठाऊक नव्हते. साडेसहा लाख डॉलरांचा करार झाल्यावर त्याला ते कळले आणि तो न्यायालयात गेला. १९९१ साली अपिली न्यायालयाने असे ठरविले, की विक्रेतीने स्वतःच प्रसिद्धी दिल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते घर झपाटलेले आहे. नेहमीच्या तपासणीत भूत सापडावे, अशी अपेक्षा खरीदाराकडून करता येत नाही. सबब त्याला करार मोडता येईल. पिशाच्चाच्या अस्तित्वाचे इतके निर्विवाद शब्दप्रमाण अन्यत्र दुर्मीळ आहे. याउलट कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेनुसार, घरात झालेल्या मृत्यूला तीन वर्षे उलटल्यावर विक्रेत्याने तो आपणहून सांगण्याचे बंधन उरत नाही. थेट विचारल्यास मात्र खोटे सांगता येत नाही. म्हणजे त्या राज्यात पिशाच्चाला मुदतीचा कायदा लागू आहे.

या दोहोंचा समन्वय केला असता आमचा सिद्धान्त निष्पन्न होतो : *पिशाच्च म्हणजे अनोंदणीकृत बोजा.* महाराष्ट्रदेशीय वाचकास हे सातबाऱ्यावरून तत्काळ उमजेल. बँकेचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात चढतो; पिशाच्चाचा चढत नाही. ‘पोल्टरगाइस्ट’मधील वसाहत स्मशानभूमीवर उभारताना विकासकाने स्मृतिशिला हलविल्या व देह तेथेच ठेवले. विधिज्ञाच्या दृष्टीने हे फेरफाराची नोंद घेऊन ताबा न देण्यासारखे आहे. तेथील मृतांचा क्षोभ पारलौकिक नसून निव्वळ महसुली होय. आणि फ्रीलिंग स्वतः त्याच विकासकाची घरे विकण्याची नोकरी करत असल्याने, तो प्रतिवादीही ठरतो.

७. स्वदेशीय विस्तार

भारतीय शाखेत भूखंडाची जागा सदनिकेने घेतली. राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) या चित्रपटात मुंबईतील एका उंच इमारतीत दांपत्य राहावयास येते. पूर्वीच्या रहिवासिनीचा मृत्यू पतीला ठाऊक असतो, पत्नीला तो सांगत नाही. हा *गोपनमूलक* प्रकार आठवा मानावा. विक्रम कुमार यांच्या ‘१३ बी’ (२००९) या चित्रपटात तेराव्या मजल्यावरील सदनिकेत दूरचित्रवाणीवरील मालिका कुटुंबाचे भविष्य दाखवू लागते. तेथे कर्जही आहे आणि मालिकाही आहे. दोन्ही मध्येच सोडता येत नाहीत.

८. फलश्रुती

एतावता विधी असा सिद्ध होतो. घर घेण्यापूर्वी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात, तो पिशाच्चांपुरता अपुरा समजावा, कारण ती त्याहून दीर्घायुषी असतात. विक्रेत्यास बाधेविषयी थेट प्रश्न विचारावा व उत्तर लेखी घ्यावे. वास्तुशांत आटोपल्यावरही खुर्च्या मेजावर चढू लागल्या, तर त्या मोजून ठेवाव्यात. निर्गमनाचा शास्त्रसंमत मुहूर्त मात्र एकच : कर्जाचा अखेरचा हप्ता भरून बँकेने बोजा कमी केल्याचा दिवस. त्या दिवसापूर्वी घर सोडले तरी हप्ता अनुगमन करतो, आणि पाचव्या प्रकारात सांगितल्याप्रमाणे असे निर्गमन निष्फळ होय.

यावर अंतिम पूर्वपक्ष असा, की कर्ज फिटल्यानंतर तरी कुटुंब जाते काय? जात नाही. कर्ज फिटेपर्यंत घर सोडता येत नाही आणि फिटल्यावर ते सोडवत नाही. अतः उभयथा अनिर्गमन सिद्ध झाले.